चोपडेच्या पुलाजवळची खुर्ची

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चोपडेच्या पुलाच्या अलीकडे एक पांढरी खासगी मोटार तपासणीसाठी थांबवण्यात आली. ती दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी सोडण्यात आली. थांबवली तेव्हा गाडी एक परदेशी पाहुणा चालवत होता आणि मालक डाव्या बाजूच्या सीटवर बसला होता. सुटल्यावर ती मी चालवली. वेळा माझ्या फोनमधल्या कॉलवरून आणि पोलिसांनी सांगितल्यावरून घेतल्या आहेत.

गाडीचे मालक माझे घरमालक होते. त्यांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. मांद्र्यात त्यांच्या घरात मी सहा वर्षे भाड्याने राहिलो. पणजीहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा पेडणे तालुक्याचा वार्ताहर म्हणून मी काम करत होतो. त्यांना मी काका म्हणत असे. ते मला ‘पेपरवाल्या’ म्हणत.

काकांनी अठरा वर्षे परदेशात ट्रक चालवला. तो देश कोणता, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. ते नेहमी ‘थय’, म्हणजे ‘तिथे’, एवढेच म्हणत. थय रस्ते सरळ. थय पाऊस नाय. थय उंडो मिळत नाय. जुन्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून देश कळला असता, पण तो त्यांनी दाखवला नाही. थयहून त्यांनी एकच वस्तू आणली होती असे काकी सांगत: अॅल्युमिनियमची घडीची खुर्ची, निळ्या-पांढऱ्या नायलॉन पट्ट्यांची. ती कायम गाडीच्या डिकीत असे. तिच्या शेजारी पाण्याच्या दोन बाटल्या, त्या दिवशीचे वर्तमानपत्र आणि कागदात गुंडाळलेले दोन उंडे, इकडचे गोल पाव. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल फाटकाशी येण्याआधी काका पिशवी घेऊन उभे असत. घरात खायचे उंडे वेगळे, गाडीतले वेगळे.

“थांबयल्यावर भूक लागता,” ते म्हणत.

पोलिसांनी गाडी थांबवणे हा त्यांच्या दृष्टीने प्रवासाचाच भाग होता. कुठेही जायचे तर अंतराला लागणारा वेळ अधिक थांबण्याचा वेळ, असा त्यांचा हिशेब. थांबण्याचा वेळ ते दोन तास धरत. म्हापशाच्या बँकेत ते बँक उघडायच्या आधी पोहोचत आणि पायरीशी खुर्ची मांडून बसत. शिपाई त्यांना चावीवाला समजून नमस्कार करी.

थांबवल्यावर काय करायचे, याची पद्धत ठरलेली होती. गाडी कडेला. इंजिन बंद. चावी खिशात, चावी कुणाच्याही हातात द्यायची नाही. मग प्लास्टिकची फाइल: नोंदणी, विमा, प्रदूषणाचा दाखला, परवाना, मागितले जातील त्या क्रमाने. मग डिकी, खुर्ची, सावली.

मी हे पहिल्यांदा डिचोलीच्या वाटेवर पाहिले. एका लग्नाला आम्ही तिघे, काका, काकी आणि मी, निघालो होतो. मुहूर्त साडेअकराचा. काकांनी घर सोडले सकाळी साडेपाचला. वाटेत एका हवालदाराने हात केला. कागद झाले. औषधांची पेटी झाली. हवालदाराने पेटीतल्या मलमाची मुदतसुद्धा पाहिली.

“काका, पळयात, तुमकां लग्नाक वचपाचें,” तो म्हणाला. “कित्याक वेळ करतात?”

“माका घाई नाय, झिला. चूक गावली की पावती कर. गावली नाय तर सोध. मी बसलंय.”

काकांनी खुर्ची उघडली आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बातम्या नाहीत, निविदा. नळजोडणीचे काम, शाळेचे छप्पर, पंचायतीचा संरक्षक कठडा.

“मोठ्यान कित्याक वाचतात?”

“तुका आयकाक. तू उन्हात उभो. तुका वाचूक वेळ खय?”

संरक्षक कठड्याची निविदा संपली तेव्हा हवालदाराने फाइल परत दिली. काकांनी त्याला एक उंडा दिला. तो त्याने घेतला.

आम्ही लग्नघरी सव्वासातला पोहोचलो. मांडवात खुर्च्या अजून टेंपोतून उतरल्या नव्हत्या. काकांनी स्वतःची मांडली.

“मुहूर्त साडेअकरांचो,” काकी मला म्हणाल्या. “न्हवऱ्यान अजून दाढी करूक नाय.”

लग्न नवरीकडचे होते. नवरीचा बाप दोडामार्गाकडचा, डिचोलीत खाणीच्या ट्रकवर अनेक वर्षे ड्रायव्हर. तो लुंगीवरच बाहेर आला आणि काकांना पाहून हसायला लागला.

“इलो! कोंबो आरवायच्या आधी इलो!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “माझो थयचो दोस्त ह्यो. थय आसताना असो नव्हतो, हां. वाऱ्यासारखो ट्रक मारी. ह्येच्या फाटी कोण लागूक शकत नव्हतो.”

काका मांडवाकडे वळले. दिवसभर त्यांनी मांडवातल्या खुर्च्या लावल्या, पंगतीत पाणी वाढले, आणि शेवटच्या पाहुण्यांनंतर निघाले. त्या माणसाच्या घरच्या प्रत्येक कार्याला ते असेच जातात, असे काकींनी सांगितले. घर बांधले तेव्हा वाळू उतरवायलाही गेले होते. मी कारण विचारले नाही.

दर नोव्हेंबरात मागच्या तीन खोल्यांत परदेशी पाहुणे उतरत. पहिल्या रविवारी काका त्यांना व्हरांड्यात बसवून शिकवत. पाहुणे भाड्याच्या स्कूटरवर फिरत आणि परदेशी चेहरा पाहून त्यांना वरचेवर थांबवले जाई. वर्ग वीस मिनिटांचा असे. काका स्टुलावर बसून स्कूटरचा हँडल धरल्याचे दाखवत, काकी हवालदार होत. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या की पाहुणे हसत. काका हसत नसत.

“की पॉकेट,” ते म्हणत. “माउथ क्लोज. रिसीट प्लीज. नो हाऊ मच.”

शेवटच्या वाक्यावर त्यांचा जोर असे. ‘किती?’ असे विचारले की संपले. विचारणाऱ्याने देण्याचे कबूल केले, आता फक्त आकडा राहिला. ‘पावती खय?’ असे विचारायचे. चूक असेल तर दंड भरायचा, पावती घ्यायची, आभार मानायचे. काकांनी स्वतः दोनदा दंड भरला होता, एकदा फुटलेल्या दिव्यासाठी आणि एकदा नंबरप्लेटवरच्या चिखलासाठी. दोन्ही पावत्या फाइलच्या पुढच्या कप्प्यात होत्या. त्या ते पाहुण्यांना दाखवत.

“पोलीस वायट नाय,” ते मला म्हणाले होते. “तेका पण घाई आसता. जेका जास्त घाई, तो हरता.”

मासळी बाजारातही ‘किती?’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. बांगड्यांचा भाव काकी विचारत. काका पिशवी धरून उभे असत.

वर्गात दरवर्षी पहिल्या रांगेत एक पाहुणा बसे. तो युरोपातल्या एका शहरात ट्राम चालवून निवृत्त झाला होता. बायको वारल्यानंतर पहिल्यांदा आला आणि मग नऊ हिवाळे सलग येत राहिला. काका त्याला ‘ट्रामवालो’ म्हणत. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नव्हती. संध्याकाळी ते व्हरांड्यात शेजारी बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहत. कुणी चुकीचा गिअर टाकला की दोघेही एकदम तोंड वाकडे करत. ट्रामवाल्याची मोठी बॅग, पंखा आणि चहाचे भांडे वर्षभर मधल्या खोलीत असे. ती खोली काकी दुसऱ्या कुणाला देत नसत.

त्या मंगळवारी ट्रामवाल्याच्या व्हिसाचा शेवटचा दिवस होता. मोपाहून विमान दुपारी तीन दहाला. ते चुकले तर मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद होणार होती, आणि पुढचा व्हिसा मिळेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हते. आदल्या वर्षी त्याच्या ओळखीच्या एका बाईचा व्हिसा त्याच कारणाने नाकारला गेला होता. तो आठवडाभर हेच बोलत होता.

ते दोघे सकाळी नऊला निघाले. मांद्र्याहून मोपाला जायला चोपडे लागत नाही. पण वेळ हाताशी होता आणि ट्रामवाल्याला जाण्याआधी शापोरा नदीकाठी एकदा चहा प्यायचा होता. गाडी तो चालवत होता. काकांनी आपली गाडी दुसऱ्याच्या हातात दिल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी फाटक उघडले तेव्हा विचारले.

“तेका एकदा चलवची होती,” काका म्हणाले आणि डाव्या बाजूने आत बसले.

मला त्यांचा फोन अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. मी पेडण्यात मामलेदार कचेरीत होतो.

“पेपरवाल्या, स्कूटर घेवन पुलाकडे ये. हेल्मेटां दोन हाड.”

मी पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. गाडी कडेला होती. काका एका काजूच्या झाडाखाली खुर्चीवर बसले होते. ट्रामवाला उन्हात उभा होता आणि दर मिनिटाला घड्याळ पाहत होता. दोन पोलीस होते. मोठ्याच्या शर्टाच्या खिशात एका पासपोर्टाचा कोपरा दिसत होता.

घडले ते असे. परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना, गाडीचे कागद, सगळे बरोबर निघाले. मग मोठ्या पोलिसाने पासपोर्ट मागितला आणि ट्रामवाल्याने तो दिला. वर्गात पासपोर्टाबद्दल काही शिकवलेले नव्हते. पासपोर्ट खिशात ठेवून पोलीस म्हणाला, गाडी खासगी आहे आणि ती परदेश्याला भाड्याने दिली आहे. गाडी जप्त होणार, संध्याकाळी स्टेशनवर यायचे.

“भाडा खोलीचा. गाडी माझी, आणि मी गाडीत बसलंय,” काका म्हणाले. “पावती कर.”

“सांजे स्टेशनार करतले.”

“विमान तिनांक आसा.”

“मागीर हंयच सोंपोवया, काका.”

ट्रामवाल्याला शब्द कळले नसावेत, पण ‘इथेच मिटवू या’ हा अर्थ कळला. त्याने तोंड उघडले, “हाऊ” एवढे म्हणाला आणि काकांकडे पाहून गप्प झाला. हे मला धाकट्या पोलिसाने नंतर सांगितले. सांगताना त्याला हसू येत होते.

मी आलो तेव्हा ट्रामवाला मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाला, काय हवे ते देऊन टाक, मला जाऊ दे. त्याचे पाकीट हातात होते. काका खुर्चीवरून उठले, पाकिटावर तळहात ठेवला आणि ते त्याच्या खिशात परत सरकवले.

“उद्या ह्या वाटेन दुसरो येतलो,” ते मला म्हणाले. “तेच्याकडे तितकेच मागतले. सांग तेका.”

मी सांगितले. ट्रामवाला म्हणाला, माझ्याकडे उद्या नाही. तेही मी काकांना सांगितले. 

माझ्या पाकिटात वर्तमानपत्राचे ओळखपत्र होते. मी ते काढले.

“भितर घाल ता,” काका म्हणाले.

“काका, एका मिनिटात सोडतील.”

“तुका सोडतले. कार्ड सगळ्यांकडे आसता?”

मी ते आत ठेवले. मग काका मोठ्या पोलिसासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी फाइल दिली. फाइलवर स्वतःचा परवाना ठेवला. मग खिशात हात घालून गाडीची चावी काढली आणि तीही वर ठेवली.

“ह्या सगळा ठेव,” ते म्हणाले. “गाडी ठेव. माका ठेव. तुझो सायब येयसर मी हय बसतंय, रात झाली तरी बसतंय. पासपोर्ट तेचो नाय, तेच्या सरकारचो. तो दी.”

पोलीस चावीकडे पाहत राहिला.

“काका, तुमी कित्याक…”

“माका घाई नाय.”

धाकटा पोलीस दुसरीकडे पाहत म्हणाला, “दी रे. म्हातारो उठचो ना.”

बारा वाजून दहा मिनिटांनी पासपोर्ट परत मिळाला. ट्रामवाल्याने काकांचा हात धरला. काकांनी त्याच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून पाहिला आणि घट्ट केला.

मी त्याला स्कूटरवरून एक वाजून दहा मिनिटांनी मोपाला सोडले. वाटेत तो एकदाच बोलला. काकांनी चावी का दिली, असे तो विचारत होता. मला माहीत नव्हते.

मी अडीचला पुलाजवळ परतलो. काका तिथेच होते. उंडे संपले होते. एक धाकट्या पोलिसाने खाल्ला होता. मोठा पोलीस जीपमध्ये बसला होता. काकांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले.

“वाच. चष्मो घरी रवलो.”

चष्मा त्यांच्या खिशात होता. मी निविदा वाचायला लागलो. दुसऱ्या निविदेत त्यांनी मला थांबवले.

“थय एक नाको होतो,” ते म्हणाले. “गावाच्या भायर. मी रजेर घराक येवक निघाललंय. दुसऱ्या दिसा विमान. माका थांबयल्यानी. कागद सगळे बरे. मी इचारलंय, किती. आणि दिलंय. पाच मिनिटां लागली नाय.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“आठ दिसांनी तो थयसून गेलो. तुया बघलस तेका, डिचोलेक. तो नवोच इललो. तेच्याकडे तितकेच मागल्यानी. तेच्याकडे नव्हते. ट्रक धरून ठेवल्यानी, तेका कोंडून घातल्यानी. अकरा दिस. माल कुसलो. कंपनीन तेका घराक धाडल्यान. चार महिने पण झाले नव्हते येवन.”

“त्यांना माहीत आहे?”

“काय?”

“तुम्ही आधी दिले होते ते.”

“नाय.”

त्यांनी पाण्याची बाटली उघडली, धाकट्या पोलिसाला विचारले, तो नको म्हणाला, मग स्वतः प्यायले.

“दर माझो,” ते म्हणाले. “मी ठरयल्लो.”

उपनिरीक्षक साडेतीनला आला. त्याने फाइल उघडून एकेक कागद पाहिला. परवान्याशी तो थांबला. परवाना उलटा करून पाहिला.

“काका, हाची मुदत सोंपली. चार दीस जाले.”

काका खुर्चीवरून उठले.

“म्हायत आसा. दोळ्यांच्या डॉक्टरान सही केली नाय.”

“मागीर गाडी कोण चलयतालो?”

“ट्रामवालो. म्हणानच तो चलयतालो.”

उपनिरीक्षकाने मोठ्या पोलिसाकडे पाहिले. तो जीपमधून उतरून उभा होता.

“चूक ना हंगा,” उपनिरीक्षक म्हणाला. “पावती खंयची करूं?”

“चूक नाय तर कागद दी.”

त्याने फाइल दिली. मग चावी हातात घेऊन विचारले, “गाडी कोण व्हरतलो?”

काकांनी माझ्याकडे बोट केले. चावी माझ्या हातात आली. स्कूटर तिथेच कुलूप लावून ठेवली. काकांनी खुर्ची मिटली, डिकीत ठेवली आणि डाव्या बाजूने आत बसले. तीन वाजून पन्नास मिनिटे झाली होती. विमान वेळेवर सुटल्याचे मी संध्याकाळी तपासले. परवान्याचे नूतनीकरण झाले नाही. त्या दिवसानंतर काकांनी गाडी चालवली नाही. गाडी दर रविवारी मी सुरू करत असे. ते खुर्ची फाटकाशी मांडून इंजिनाचा आवाज ऐकत.

काका त्याच वर्षी चतुर्थीनंतर नवव्या दिवशी, सकाळी, वारले. डिचोलीहून त्यांचा थयचा दोस्त सर्वांच्या आधी आला. तो व्हरांड्यात निळ्या-पांढऱ्या खुर्चीजवळ उभा राहिला, तिच्यावर बसला नाही.

“आयुष्यात पयल्यांदा मी ह्येच्या आधी पावलंय,” तो मला म्हणाला. मी त्याला काही सांगितले नाही.

ट्रामवाला नोव्हेंबरात आला. त्याचा व्हिसा नवा होता. मोपावरून निघताना मारलेला मार्चमधला शिक्का त्याने काकींना दाखवला. पहिल्या रविवारी व्हरांड्यात दोन नवे पाहुणे बसले, काकी हवालदार झाल्या आणि वर्ग ट्रामवाल्याने घेतला. पुढच्या आठवड्यात चोपडेच्या पुलाजवळ त्याची स्कूटर थांबवण्यात आली. त्याने इंजिन बंद केले आणि चावी खिशात टाकली. पाऊण तास तो काजूखाली बसून होता. दंड झाला. यंत्रातून निघालेली पावती त्याने काकींना आणून दिली. काकींनी ती प्लास्टिकच्या फाइलच्या पुढच्या कप्प्यात, जुन्या दोन पावत्यांच्या मागे ठेवली.

गेल्या महिन्यात मी ती पाहिली. छपाई फिकट झाली आहे. तारीख, वेळ आणि ‘हेल्मेटचा पट्टा’ एवढे वाचता येते.